तयार संच नको, पुठ्ठा द्या

संपादक महोदय,

हस्तकलेच्या तासाला मुलांना तयार संच देऊन खुणेवर चिकटवायला लावतात. त्यात हात चालतो, डोकं नाही. मी पहिली-दुसरीला शिकवते. पुठ्ठ्याची गाडी करताना मुलं चाकं थेट खोक्याला चिकटवतात. गाडी जागची हलत नाही. मग कुणीतरी काडीचा आस स्ट्रॉमधून ओवतं, आणि चाकं फिरतात! काड्यांचा चौकोन दाबला की कलतो, तिरकी काडी लावली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तो ताठ राहतो. त्रिकोणाची ताकद सहाव्या वर्षी बोटांना कळते. १८३७ साली बालशाळा काढणाऱ्या जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने लाकडी ठोकळ्यांना शिक्षणाचं साधन मानलं होतं.

शाळांनी गुण द्यावेत ते कुठे अडलं आणि काय बदललं याला. आणि पालकहो, प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मुलाची वाकडी गाडी कृपया सरळ करून देऊ नका.

– एक प्राथमिक शिक्षिका