चुकलेल्या उत्तराचा मुक्काम पोस्ट

आदरणीय नाना,

साष्टांग नमस्कार.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळते आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यांमध्ये नाना काही कमी नाहीत, त्यामुळे तुम्ही आपोआप झाकले जाल. पत्र मात्र चारचौघांत लिहिणार, हे मी आधीच सांगितलं होतं. त्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "लिही, पण गणितं बरोबर लिही." म्हणून काल रात्री सगळी पुन्हा सोडवली आणि आज लिहायला बसले.

गेल्या ऑक्टोबरातली ती संध्याकाळ तुम्हाला ऐकून माहीत आहे. तरी एकदा नीट सांगते, कारण त्या दिवशीचा माझा अपराध मी तुम्हालाही अर्धाच सांगितला होता. रावपुऱ्यातल्या माझ्या पुढच्या खोलीत शिकवणीची अकरा मुलं बसली होती. गणित साधं होतं: पातळ पत्र्याची अर्धगोल वाटी आहे, तिचं सेंटर ऑफ मास, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू, मध्यापासून किती उंचीवर? आर्ट्स फॅकल्टीचा घुमट डोळ्यांपुढे आणा, असं मी सांगितलं होतं. उत्तर त्रिज्येच्या निम्मं. कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलाचं उत्तर आलं ४ आर भागिले ३ पाय, म्हणजे त्रिज्येच्या साधारण ०.४२ पट. मी लाल पेनाने फुली मारली. तो म्हणाला, "मॅडम, चूक कुठे आहे?"

मी ओळ न् ओळ तपासली. इंटिग्रेशन बरोबर, मर्यादा बरोबर, बेरीज-वजाबाकी बरोबर. त्याने वाटीच्या आडव्या कड्या पाडल्या होत्या, प्रत्येक कडीचा परीघ घेतला होता आणि त्याला डीएक्सने, म्हणजे कडीच्या सरळ उंचीने, गुणलं होतं. मी त्याला म्हटलं, "डीएक्स नाही, डीएस घ्यायचा, उताराच्या बाजूने मोजलेली रुंदी." तो म्हणाला, "पण भरीव गोळ्याचं घनफळ काढताना तुम्हीच डीएक्स घेतला होता. तिथे चालतो, मग इथे का नाही?" आणि मी, एम. एस्सी. झालेली बाई, अकरा मुलांसमोर म्हणाले, "सूत्र पाठ कर, परीक्षेत कारण विचारत नाहीत." तुम्हाला न सांगितलेला अर्धा भाग हा. मुलगा गप्प बसला. रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या ओळखीवर तुमच्या ओट्याशी आले. तुम्ही पेपर वाचत होतात. तो खाली न ठेवताच वही घेतलीत, चष्मा कपाळावर चढवलात आणि पानभर वाचून म्हणालात, "मास्तरीणबाई, हे उत्तर चुकलेलं नाही. टपाल शेजारच्या घरी पडलंय." मग खिशातलं हिरवं पेन काढून माझ्या लाल फुलीच्या बाजूला लिहिलंत: मु. पो. अर्धी चकती.

खरंच होतं. पत्र्याची सपाट अर्धी चकती घेतली, तिच्या आडव्या पट्ट्या पाडल्या, तर प्रत्येक पट्टीचं वजन तिच्या लांबीच्या प्रमाणात. त्या मुलाने मांडलेलं इंटिग्रेशन अक्षरशः तेच. त्याने अर्ध्या चकतीचं गणित निर्दोष सोडवलं होतं, फक्त कागदावर वर "वाटी" लिहिलं होतं.

मग डीएक्सचा प्रश्न. त्यासाठी तुम्ही काकूंना हाक मारून डब्यांची उतरंड मांडायला लावलीत. खाली पिठाचा मोठा डबा, वर वर लहान, टोकाला हिंगाची डबी. "हा तुझा शंकू. डबे जेवढे पातळ नि जेवढे जास्त, तेवढी उतरंड शंकूच्या जवळ. आत मावणारं धान्य मोजायचं असेल तर काठाशी राहिलेल्या फटी लहान लहान होत शून्याला जातात, म्हणून घनफळाला डीएक्स चालतो. आता उतरंडीला बाहेरून रंग लाव." मी बघत राहिले. डब्यांच्या उभ्या भिंतींना लागणारा रंग म्हणजे त्या मुलाचा डीएक्स. बसक्या शंकूच्या उतरत्या बाजूला लागणारा रंग नेहमी त्यापेक्षा जास्त, आणि डबे कितीही पातळ केले तरी ते प्रमाण तसंच राहतं, फट मिटतच नाही. तुम्ही म्हणालात, "वरून बघ." वरून बघितलं तर सगळ्या झाकणांच्या उघड्या कडा मिळून खालच्या मोठ्या डब्याच्या तोंडाएवढं वर्तुळ भरत होतं. डबे पाच असोत की पाच हजार, ते क्षेत्रफळ तेवढंच. पायऱ्यांचा शंकू दिसायला शंकू होतो, पण रंगाच्या हिशेबात कधीच होत नाही. काकूंनी त्या वेळी विचारलं, "डबे परत लावणार कोण?" ते तुम्ही ऐकलं नाहीत असं दाखवलंत.

त्या दिवसापासून दर गुरुवारी मी मुलांच्या चुकलेल्या वह्या घेऊन येत गेले. पहिल्या दोन महिन्यांतच त्रेचाळीस गणितं झाली. सगळी सांगत बसत नाही. बरीचशी ठरावीक असतात, मोमेंट ऑफ इनर्शियाची, म्हणजे वस्तू फिरवायला किती जड त्याची (उत्तर वजन गुणिले त्रिज्येच्या वर्गाच्या किती पट, तेवढंच लिहिते): भरीव गोळ्याला २/३ लिहून आलं की मु. पो. पोकळ गोळा, कडीला १/२ लिहून आलं की मु. पो. चकती. (आमच्याकडची निम्मी मुलं गुजरातीत नक्कर गोळो आणि पोलो गोळो म्हणतात, मी भरीव-पोकळ म्हणते, आणि मोमेंट ऑफ इनर्शियाला जडत्व आघूर्ण मात्र कोणीच म्हणत नाही.) जेईई मेनच्या पेपरात बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकल्यावर उणे एक असतो. तिथे पर्याय काढणाऱ्यांना हे शेजारपाजारचे पत्ते पाठ असतात, म्हणून तर मुलाचं चुकलेलं उत्तर हमखास चारांत सापडतं आणि त्याला वाटतं जमलं. पूर्वी ज्या क्लासमध्ये मी नोकरीला होते तिथे फक्त शेवटची ओळ तपासायची सक्ती होती. सहा वर्षं मी तेच केलं. त्या सहा वर्षांतल्या फुल्यांखाली कोणाकोणाचे पत्ते गाडले गेले असतील, हा विचार अजून अधूनमधून छळतो.

पण ४/५ ची गोष्ट लिहायलाच हवी. बारावीतल्या एका मुलीने भरीव गोळ्याचं मोमेंट ऑफ इनर्शिया काढताना चकत्या पाडल्या आणि चकतीच्या सूत्रातला अर्धा विसरली. २/५ च्या जागी दुप्पट, ४/५ आलं. मी माझ्या परीने पत्ता शोधला. कडी १, पोकळ गोळा २/३, चकती १/२, भरीव गोळा २/५. चार पंचमांश कोणाचंच नाही. मी गुरुवारी वही तुमच्यापुढे ठेवून म्हटलं, "नाना, हे बेवारस." तुम्ही चिडलात. "बेवारस काही नसतं, आपल्याला शोधता येत नाही एवढंच," म्हणत वही ठेवून घेतलीत. शनिवारी रात्री दहाला फोन. नमस्कार नाही, काही नाही: "कलिंगडाची साल."

अर्धा विसरली म्हणजे तिने काय केलं, तर प्रत्येक चकतीचं सगळं वजन चकतीच्या काठावर नेऊन ठेवलं. आत काही उरलंच नाही. भरीव गोळ्याची झाली पोकळ साल, पण सगळीकडे सारखी नव्हे. मधली चकती मोठी, तिचं वजन जास्त, म्हणून साल मध्यावर जाड आणि देठाकडे पातळ होत होत शून्य. वजन मध्याकडे सरकलेलं, म्हणून सारख्या जाडीच्या सालीच्या २/३ पेक्षा जास्त, आणि सगळंच मध्यावर आलेलं नाही, म्हणून कडीच्या १ पेक्षा कमी. ४/५ बरोबर त्या दोघांच्या मध्ये बसतं. सोमवारी मी हे त्या मुलीला सांगितलं, तर तिने वहीत कलिंगड काढलं, साल हिरवी रंगवली आणि खाली लिहिलं: माझं उत्तर. ते पान मी मागून घेतलं आहे. तुमच्यासाठी झेरॉक्स ठेवली आहे, मूळ देणार नाही.

आणि तो चेंडू. पातळ गोल कवचातून सारख्या उंचीच्या कड्या कापल्या तर कुठूनही कापा, क्षेत्रफळ सारखंच येतं: टोकाशी परीघ लहान होतो, पण कडीची तिरपी रुंदी तितकीच वाढते आणि दोन्ही एकमेकांना बरोबर फेडतात. म्हणून तर वाटीचं उत्तर त्रिज्येच्या निम्मं. मला हे सूत्राने माहीत होतं, पटत नव्हतं. तुम्ही सहा सेंटिमीटर व्यासाचा पोकळ रबरी चेंडू आणलात, ब्लेडने एक सेंटिमीटर उंचीची टोपी कापलीत आणि बरोबर मधून एक सेंटिमीटरचा पट्टा. कापता कापता आर्किमिडीजची गोष्ट: गोळा त्याला घट्ट बसणाऱ्या नळकांड्याच्या दोन तृतीयांश, घनफळातही आणि पृष्ठफळातही, याचा त्याला एवढा अभिमान की थडग्यावर तीच आकृती कोरायला सांगितली, आणि इसवी सनपूर्व ७५ मध्ये रोमन वक्त्या सिसेरोला ते थडगं सिसिलीतल्या झुडपांत सापडलं ते त्या आकृतीवरूनच. मग लगेच, "आपला भास्कराचार्य विसरू नकोस." ११५० च्या सुमाराच्या लीलावतीत गोळ्याचं पृष्ठफळ वर्तुळाच्या चौपट सांगताना ते चेंडूभोवतीच्या जाळ्याची उपमा देतात. तुमच्या हातात त्या वेळी चेंडूच होता, त्यामुळे उपमा फार जवळची वाटली.

खालच्या सोनाराच्या काट्यावर दोन्ही तुकडे ठेवले. पट्टा ५.९ ग्रॅम, टोपी ५ ग्रॅम. माझा चेहरा पडला. तुमचा खुलला! "बघ, टोपी हलकी भरली. आता हिचा पत्ता काढ." रात्री मी रबराची जाडी तीन मिलिमीटर धरून बाहेरच्या आणि आतल्या गोळ्यांची वजाबाकी केली. सूत्र कागदासारख्या पातळ कवचाचं. जाड सालीत बाहेरून एक सेंटिमीटर मोजला की आतल्या बाजूला टोपीची उंची फक्त सात मिलिमीटर उरते, तेवढा माल कमी. हिशेब आला शंभराला पंच्याऐंशी. सोनाराचा काटाही तेच सांगत होता. तो सोनार अजून मला बघितलं की विचारतो, "आज काय कापलंय?"

बांगडी आणि कॅरमच्या स्ट्रायकरची शर्यत तुम्ही लावून दिलीत, ती आता माझ्याकडे दर बॅचला होते. ड्रॉइंग बोर्ड तिरका करायचा, दोन्ही एकदम सोडायचे. स्ट्रायकर मीटरभर उतरतो तेव्हा बांगडी पाऊण मीटरवर असते, मग ती सोन्याची असो वा काचेची. मुलं पैजा लावतात. मी डोळेझाक करते.

तुमचं सगळंच गोड होतं असं नाही लिहिणार. कॅल्क्युलेटरला तुम्ही हात लावू देत नाही आणि मी उशिरा आले की सरळ झोपी जाता. एकदा पोकळ शंकूचं सेंटर ऑफ मास तुम्हीच तळापासून उंचीच्या चौथ्या हिश्श्यावर सांगितलंत. मी भीत भीत म्हटलं, "नाना, तिसरा हिस्सा ना?" तुम्ही पेन घेतलंत आणि स्वतःच्या उत्तरासमोर त्याच हिरव्या शाईत लिहिलंत: मु. पो. भरीव शंकू. तोवर मी तुम्हाला हुशार समजत होते. त्या दिवसापासून मी तुम्हाला गुरू मानते. हे तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती, म्हणून तर हे पत्र.

तो ऑक्टोबरातला मुलगा अजून येतो. त्याची माफी मी सगळ्यांसमोर मागितली, उतरंड मांडूनच. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे डबे जास्त आहेत." याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

लाल पेन मी आता वापरत नाही. हिरवंही नाही, ते तुमचं. पेन्सिलने लिहिते.

आणि जाता जाता, या आठवड्याचं एक. भरीव शंकूचं त्याच्या अक्षाभोवतीचं मोमेंट ऑफ इनर्शिया ३/१० यायला हवं, एकाचं आलं १/१०. पत्ता मी स्वतः काढला आहे, कोणाला विचारलेलं नाही. त्याने वजन शंकूचं न घेता त्याच त्रिज्येच्या नि उंचीच्या नळकांड्याचं घेतलं. म्हणून मी लिहिलं आहे: मु. पो. लेथवर चढवलेला ओंडका, वजन कातण्याआधी केलेलं. बरोबर आहे का, ते गुरुवारी बघून सांगा. वही घेऊन येते, सोबत काकूंसाठी लिलो चिवडा. उशीर करणार नाही.

तुमची,
मास्तरीणबाई