आधी संगती, मग कसोटी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. लेकीला त्रिकोणांच्या एकरूपतेच्या बाकोबा (बाजू-कोन-बाजू), बाबाबा (तिन्ही बाजू), कर्णभुजा सगळ्या कसोट्या तोंडपाठ आहेत, पण संगत, म्हणजे एकमेकांच्या जोडीच्या, बाजू आणि कोन लिहायची वेळ आली की ती गोंधळते, असं तू लिहिलंस. मला वाटतं, ती आकृतीकडे बघत बसते आणि त्रिकोणाच्या नावाकडे तिचं लक्षच जात नाही.

‘त्रिकोण अबक ≅ त्रिकोण पमर’ (≅ म्हणजे एकरूप) एवढं लिहिलं की बाजूंच्या तीन आणि कोनांच्या तीन, सगळ्या जोड्या सांगून झाल्या. अ ↔ प, ब ↔ म, क ↔ र. बाजू बक हवी? दुसरं-तिसरं अक्षर उचलायचं, पलीकडे मर सापडते. मग आकृती उलटी असो की तिरकी. शिरोबिंदूंची एकास एक संगती 6 प्रकारे लावता येते, आणि त्रिकोण विषमभुज असतील तर त्यातली एकच चालते. म्हणून आधी ती ठरवायची, कसोटीचं नाव मागाहून.

ठरवायची आकृतीतल्या समान बाजू-कोनांच्या खुणांवरून. समान बाजूंसमोरचे कोन संगत, समान कोनांसमोरच्या बाजू संगत. हे तिला जमेल.

खरी मेख सामाईक बाजूत आहे. समांतरभुज चौकोन अबकड काढ आणि कर्ण अक जोड. मुलं हमखास लिहितात, अबक ≅ अडक. अ आणि क दोन्ही त्रिकोणांत दिसतात, म्हणून ते जागच्या जागी राहतात. तिला म्हणावं, तू लिहिलेलं नाव वाच बघू. पहिली दोन अक्षरं म्हणतात अब = अड. पण या तर लगतच्या बाजू, त्या समान आहेत असं कुणी सांगितलं? समान आहेत त्या समोरासमोरच्या, अब आणि कड. व्युत्क्रम कोनही (समांतर बाजूंमधल्या कर्णाच्या विरुद्ध अंगांचे) तेच सांगतात: कोन बअक = कोन डकअ. तेव्हा अ ची जोडी क शी, क ची अ शी, आणि बरोबर विधान अबक ≅ कडअ. कर्ण स्वतःशीच संगत, पण टोकांची अदलाबदल होऊन! ही अदलाबदल तिने स्वतः बोट फिरवून पाहू दे, घाई करू नकोस.

ते जमलं की माझी फार आवडती सिद्धता तिच्यापुढे ठेव. चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या पॅपसची म्हणून ती ओळखली जाते. समद्विभुज त्रिकोण अबक, अब = अक. वेगळी रेषा काढायची नाही, दुसरा त्रिकोणही नाही. फक्त लिहायचं, अबक ≅ अकब. अब = अक, अक = अब, मधला कोन अ तोच; बाकोबा लागली. ब ची संगती क शी, म्हणून कोन ब = कोन क. केवळ अक्षरांचा क्रम बदलून प्रमेय हाती येतं, याचा मला आजही तितकाच आनंद होतो.

तिने लिहिलेली एखादी सिद्धता पुढच्या पत्रासोबत पाठव. खाडाखोड असली तरी तशीच पाठव, ती कुठे अडखळते ते त्यातूनच मला दिसेल.

तुझाच,
मित्र