मोठ्या इंजिनाआधी पंखा तपासा

महोदय,

गोसीखुर्द जलाशयात मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांच्या अडचणींविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून वाचायला मिळते. परंतु नावेच्या वेगाचा प्रश्न त्यात कधी आलेला दिसला नाही, म्हणून हे पत्र. मी पवनी तालुक्यात मोटारपंपांबरोबर बोटींची छोटी आउटबोर्ड, म्हणजे नावेच्या मागे बाहेरून अडकवायची इंजिनेही दुरुस्त करतो. २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेल्या या धरणाने वैनगंगेचे पात्र इतके फुगवले आहे, की जाळी टाकायची जागा आणि मासळी उतरवायचा काठ यांत आता बरेच अंतर पडते. एप्रिल-मे महिन्यांत रोहू-कटला ऊन चढण्याआधी बर्फात गेला नाही तर भाव पडतो, आणि मृगाच्या तोंडावर वावटळ सुटली की वेळेत काठ गाठणे हा जिवाचाच प्रश्न असतो. त्यामुळे वेगाची मागणी रास्त आहे. तक्रार आहे ती त्यावर शोधल्या जाणाऱ्या उपायाची. नाव पळत नाही म्हटले की जो तो मोठ्या इंजिनाची मागणी करतो, अनुदानाच्या अर्जातही तेच लिहिले जाते, आणि असलेल्या इंजिनाला बसवलेला, पाण्याखाली फिरून नाव पुढे ढकलणारा पंखा त्या नावेला जुळतो का, हे कोणी पाहत नाही.

पहिली गोष्ट नावेच्या घडणीची. लांबट, गोल बुडाचा पारंपरिक डोंगा पाणी कापत जातो आणि त्याचा वेग त्याच्या लांबीशी बांधलेला असतो. पाण्याला टेकलेल्या लांबीचे फुटांतील वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणले, की त्या नावेची नॉटमधील (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) साधारण मर्यादा मिळते. १६ फुटी डोंग्यासाठी हा हिशेब जेमतेम ताशी १० किलोमीटरवर थांबतो. त्यापुढे दुप्पट ताकदीचे इंजिन लावले तरी मागचा भाग खाली बसतो, तोंड वर उचलले जाते, मोठी लाट उठते आणि पेट्रोल जळते. वेग फारसा वाढत नाही. सपाट बुडाची आणि मागे सरळ फळी असलेली फायबरची नाव मात्र पुरेशी ताकद मिळाली की पाण्यावर उचलली जाते आणि मग खरोखर पळते. म्हणून इंजिनाचा निर्णय नाव पाहिल्याशिवाय होऊ नये.

आता पंख्याविषयी. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. एक व्यास आणि दुसरा पिच, म्हणजे पंखा घसरला नाही तर एका फेऱ्यात तो जितके इंच पुढे सरकेल ते अंतर. पिच जास्त म्हणजे वेग जास्त, असा समज आमच्या भागात पक्का आहे, आणि रिकाम्या नावेपुरता तो काही अंशी खराही ठरतो. पण नावेत दोन-तीन माणसे, ओली जाळी, बर्फाची पेटी आणि मासळी असा भार असताना जास्त पिचचा पंखा लावणे म्हणजे धानाने भरलेली ट्रॉली टॉप गिअरमध्ये चढावर ओढायला लावणे होय. इंजिन दबते, पूर्ण थ्रॉटल देऊनही हवे तितके फेरे घेत नाही आणि आपली पूर्ण ताकद देऊ शकत नाही. पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाने किती फेरे घ्यावेत याची मर्यादा माहितीपुस्तिकेत दिलेली असते. पुष्कळ छोट्या चार-स्ट्रोक इंजिनांसाठी ती मिनिटाला ५,००० ते ६,००० फेऱ्यांच्या आसपास असते. नेहमीच्या भारासह इंजिन ४,४०० वरच अडकत असेल तर पिच कमी करावा, कारण पिच एक इंचाने कमी केल्यास साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. उलट, फेरे मर्यादेच्या वर जात असतील तर पिच वाढवावा. प्लगच्या वायरीला नुसता तारेचा वेढा देऊन चालणारे छोटे फेरेमापक यंत्र बाजारात मिळते, तेवढ्यावर हे काम भागते. वेग मोजायला मोबाईलचे जीपीएस पुरे आहे. मात्र एकदा वाऱ्याच्या दिशेने आणि एकदा वाऱ्याविरुद्ध चालवून सरासरी काढावी.

पंख्याइतकेच महत्त्व इंजिन बसवण्याच्या उंचीला आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत हाच दोष वारंवार आढळतो. नावेच्या ज्या मागच्या फळीवर इंजिन अडकवतात, तिच्या उंचीनुसार छोटी इंजिने मुख्यतः १५ इंची आणि २० इंची अशा दोन प्रकारच्या फळ्यांसाठी येतात. विक्रेत्याने जे हाताशी होते तेच दिले, असे घडलेले मी पाहिले आहे. पंख्याच्या वर जी आडवी सपाट पट्टी असते, ती नावेच्या बुडाच्या पातळीत किंवा त्याच्या किंचित खाली यायला हवी. नाव काठावर ओढून बुडाला एक सरळ लाकडी पट्टी लावली आणि ती मागे पंख्यापर्यंत नेली, की फरक लगेच डोळ्यांना दिसतो. इंजिन फार खाली असेल तर त्याचा पाय, म्हणजे पाण्यात उतरणारा खालचा भागच पाणी अडवतो आणि फवारे उडतात. फार वर असेल तर वळताना पंखा हवा ओढतो, इंजिन एकदम किंचाळते आणि नाव जागीच रेंगाळते. फळीवर लाकडाची पातळ चकती ठेवून थोडे थोडे उचलत पाहावे, आणि प्रत्येक वेळी इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार नीट पडते आहे ना, याची खात्री करावी.

भाराबाबत एवढेच सांगतो, की चालवणारा माणूस, पेट्रोलचा डबा आणि बर्फाची पेटी हे सर्व मागेच असेल तर नाव कधीच नीट उचलली जाणार नाही. डबा आणि पेटी मधोमध सरकवावी. तळाशी साचलेले २० लिटर पाणी म्हणजे २० किलो फुकटचे ओझे. ते उपसायला पाच मिनिटेही लागत नाहीत. बुडाचे शेवाळ खरवडावे, आणि मागच्या तीन-चार फुटांत खळगा पडला असेल तर तो भरून सरळ करावा, कारण तो खळगा तोंड खाली दाबतो.

आमच्या पाण्याचा एक वेगळा त्रास आहे. नायलॉन जाळ्याचा दोरा पंख्यामागच्या दांड्याला गुंडाळला जातो, हळूहळू ऑइल सील, म्हणजे पाणी आत येऊ न देणारे रबरी कडे कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरते. तेल दुधाळ दिसले की समजावे. दर आठवड्याला पंखा काढून हा दोरा पाहिला तर मोठा खर्च टळतो. बुडीत क्षेत्रातील झाडांची खोडे पाण्याखाली उभी आहेत आणि जलपर्णीखाली ती दिसतही नाहीत. अशा ठिकाणी वेग कमी ठेवावा, पुढे जाताना टिल्टचे, म्हणजे इंजिन कलवून वर उचलण्याचे लॉक मोकळे ठेवावे म्हणजे धक्का बसताच इंजिनाचा पाय वर उचलला जाईल, आणि इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला अडकवलेली असावी. ही दोरी बहुतेकजण गुंडाळून ठेवतात.

२०२० पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून नावा आणि जाळ्यांसाठी अर्थसाहाय्य मिळते. त्यातून किंवा अन्य कोणत्याही योजनेतून इंजिन देताना फळीची उंची मोजून नोंदवावी आणि इंजिनासोबत कमी पिचचा दुसरा पंखा द्यावा, अशी मत्स्यव्यवसाय विभागास विनंती आहे. इंजिनाच्या किमतीपुढे ॲल्युमिनियमच्या पंख्याचा खर्च अगदीच थोडा आहे. वेगाची चाचणीही उद्घाटनाच्या दिवशी रिकाम्या नावेत दोन साहेबांना बसवून न करता, जाळी, बर्फ आणि मासळी यांच्यासह करावी.

आपला,
एक वाचक
ता. पवनी, जि. भंडारा