कार्टूनला आवाज कुणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवा ॲनिमेशनपट लागला की वृत्तपत्रांत त्याच्या चित्रांची, तंत्राची आणि कमाईची भरपूर चर्चा होते. भारतीय आवृत्तीला आवाज कुणी दिले, हे मात्र एखादा मोठा नट असल्याखेरीज सहसा छापले जात नाही. ज्यांचे बालपण दूरदर्शनसमोर गेले, त्यांना ही उणीव खटकते, कारण त्या वयातले कार्टून डोळ्यांपेक्षा कानांत जास्त राहिले आहे.

‘द जंगल बुक’ ही मालिका १९८९-९० मध्ये जपानमध्ये तयार झाली आणि १९९३ मध्ये दूरदर्शनवर हिंदीत आली. कथा किपलिंगची आणि चित्रे जपानी असूनही ती कुणालाच परकी वाटली नाही, याचे श्रेय गुलजार यांच्या शब्दांना, विशाल भारद्वाज यांच्या संगीताला आणि शेर खानला लाभलेल्या नाना पाटेकर यांच्या आवाजाला आहे. नागपूरकरांना तर ती अधिकच जवळची होती. किपलिंगच्या सिवनीच्या टेकड्या जबलपूर रस्त्यावर आपल्या शेजारीच आणि पेंचच्या जंगलाचा एक भाग आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे, रामटेकच्या पुढे गेले की मोगली भेटतो, अशी आमच्या वाड्यातल्या मुलांची ठाम समजूत होती. उन्हाळ्यात खिडकीतल्या कूलरच्या घरघरीत शेर खानचे बोलणे ऐकू येत नसे. म्हणून आम्ही कूलर बंद करायचो, आणि आतल्या खोलीतून वडीलधाऱ्यांचा ओरडा आला तरी मालिका संपेपर्यंत घाम पुसत बसायचो. आजही पेंचच्या सिल्लारी फाटकातून आत शिरलेल्या जिप्सीत चाळिशीतला कुणीतरी ते शीर्षकगीत गुणगुणतो (गाइडने गप्प बसायला सांगितले तरी).

भारत आणि जपानच्या सहकार्यातून साकारलेला रामायणावरील ॲनिमेशनपट जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा चित्रे तीच, अधिक स्वच्छ केलेली होती, पण हिंदी आवाज नवे होते. नव्या कलाकारांचे काम चोख आहे, याबद्दल वाद नाही. तरीही रामासाठी अरुण गोविल आणि रावणासाठी अमरीश पुरी यांना ऐकत मोठे झालेले आमच्यासारखे प्रेक्षक पडद्याकडे पाहत असतानाही मनातल्या मनात जुनेच संवाद ऐकत होते.

आजच्या मुलांच्या आठवणी कोणत्या भाषेत साठत आहेत, हाही विचार व्हावा. परदेशी ॲनिमेशनपट नागपूरच्या पडद्यांवर येतात ते बहुतेक इंग्रजीत किंवा हिंदीत. आमच्या घरातली पाच वर्षांची भाची एरवी अस्सल वऱ्हाडी वळणाचे मराठी बोलते, पण बाहुलीवर रागावते ती हिंदीतच, कारण तिची कार्टूनही हिंदीतच रागावतात. हिंदीविषयी आकस असण्याचे कारण नाही, नागपूरच्या कानांना दोन्ही भाषा सारख्याच सवयीच्या आहेत. मात्र हट्ट, भीती आणि गंमत मुलांना पडद्यावरून आपल्या भाषेतही ऐकू यावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

म्हणून आपणास विनंती अशी की, ॲनिमेशनपटाच्या परीक्षणात आवाज देणाऱ्या कलाकारांची आणि संवाद-रूपांतर करणाऱ्यांची नावे आवर्जून द्यावीत, भाषांतर मुलांना कळेल असे आहे की नाही याबद्दल दोन वाक्ये लिहावीत आणि मराठी आवृत्ती निघाली असेल, तर ती शहरात कोणत्या पडद्यावर व किती वाजता आहे, हे शुक्रवारच्या अंकातच कळवावे.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर