पावसाळ्यात चुकीचे आकडे दाखवणाऱ्या हवा-मापन यंत्राबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातल्या मलप्रभेकाठच्या आमच्या गावानं गेल्या ऑक्टोबरात तुमच्याकडून हवेतले सूक्ष्म धूलिकण मोजणारं यंत्र घेतलं. साडेअठरा हजार रुपये घरटी वर्गणीतून उभे राहिले. बिल माझ्या नावावर आहे म्हणून पत्र मी लिहिते आहे, पण उत्तर सगळ्या गावाला हवं आहे.

गावालगत वीटभट्ट्या आहेत. दिवाळीनंतर पेटतात, मृग निघायच्या आत विझतात. थंडीत पहाटे धूर वर चढतच नाही, जमिनीलगत बसून राहतो. माझ्या सासूबाईंचा दमा नेमका त्याच महिन्यांत उसळतो. भट्टीवाल्यांना सांगायला गेलो तर म्हणाले, पुरावा दाखवा. जानेवारीत तुमच्या यंत्रानं तो दिला. पीएम २.५ ची, म्हणजे याच सूक्ष्म धूलिकणांची, चोवीस तासांची सरासरी १४० च्या आसपास येत होती. आपल्या देशानं २००९ साली ठरवलेली मर्यादा दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे. ग्रामसभेत ते आकडे वाचले तेव्हा भट्टीवाल्यांनी पहिल्यांदाच आमचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

जुलैत आठ दिवस झड लागली. भट्ट्यांवर ताडपत्र्या, हवा धुऊन निघालेली, आणि यंत्र पहाटे २१० दाखवत होतं. तो लाल आकडा गावभर मोबाईलवर फिरला. "आमच्या भट्ट्या बंद आहेत, मग हा धूर कुणाचा?" असं भट्टीवाल्यांनी विचारलं आणि आमच्याकडं उत्तर नव्हतं. आता जानेवारीचे आकडेही कुणी मानायला तयार नाही. माझी खरी तक्रार ही आहे.

तुमच्या माणसानं फोनवर सांगितलं, यंत्र साफ करा. जाळी काढली तर आत कोळिष्टक आणि बारक्या पंख्यावर काजळी. मऊ ब्रशनं सगळं काढलं, तरी ओल्या पहाटे आकडा तसाच. मग यंत्र स्वयंपाकघरात ठेवलं, दार लावलं आणि शिजत्या भातावरचं झाकण काढलं. वाफ जाळीशी पोचली तसा ३५ चा आकडा चारशेच्या वर गेला. झाकण ठेवून दार उघडल्यावर थोड्या वेळानं परत उतरला.

तुमचं यंत्र लेझरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो त्यावरून हिशेब करतं. दमट हवेत कण पाणी धरून फुगतात, धुक्याचे थेंबही धूळ म्हणून मोजले जातात. बीटा किरणांवर चालणाऱ्या मोठ्या यंत्रांत आत येणारी हवा आधी तापवून कोरडी करतात. स्वस्त यंत्रात ती सोय नसेल, हे मी समजू शकते. पण आर्द्रतेचा सेन्सर तर याच डब्यात आहे! त्या पहाटे तो ९७ टक्के दाखवत होता. त्यावरून आकड्याची दुरुस्ती का होत नाही? आणि माहितीपत्रकात 'सर्व ऋतूंत अचूक, कॅलिब्रेशनची गरज नाही' (म्हणजे प्रमाणित यंत्राशी आकडे जुळवून बघायला नकोत) असं कशाच्या आधारावर छापलं? घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्या आम्ही त्याच ओळीवर विश्वास ठेवून पैसे भरले.

ॲपमध्ये फक्त मागचे तीस दिवस दिसतात. ऑक्टोबरपासूनच्या सगळ्या मूळ नोंदी, प्रत्येक वेळच्या आर्द्रतेसकट, आम्हाला द्या. जानेवारीचं खरं-खोटं त्यावरूनच ठरेल. आर्द्रतेची दुरुस्ती यंत्रात बसवा, आणि प्रमाणित यंत्राशेजारी कोरड्या व ओल्या दोन्ही दिवसांत ठेवून ती तपासल्याचं लेखी द्या. हे जमत नसेल तर यंत्र परत घ्या आणि पूर्ण रक्कम द्या. यंत्र आमच्या खर्चानं बेंगळुरूला पाठवा, हे तुमचं सांगणं आम्हाला मान्य नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. ग्राहक राहतो तिथंच ती करता येते. दिवाळीनंतर भट्ट्या पुन्हा पेटतील, त्याआधी यंत्र नीट चालायला हवं.

आपली,
ग्रामस्थांच्या वतीनं एक ग्राहक
ता. खानापूर, जि. बेळगाव

सोबत: बिलाची प्रत, माहितीपत्रक, जानेवारी व जुलैमधल्या आकड्यांचे मोबाईलवरून घेतलेले फोटो