गिधाडे सोडण्याआधी मेडिकलचे कपाट बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरचा पहिला शनिवार हा गिधाड जागृती दिन. त्या सुमारास सगळ्याच वृत्तपत्रांत ‘निसर्गाचे सफाई कामगार’ अशा मथळ्याखाली मजकूर येतो. त्यात डायक्लोफेनॅक या गुरांना टोचल्या जाणाऱ्या वेदनाशामकावर एक वाक्य असते, ‘सरकारने 2006 मध्ये बंदी घातली’ असे दुसरे, आणि विषय संपतो. खरी अडचण या दुसऱ्या वाक्यानंतर सुरू होते, म्हणून हे पत्र.

आधी हे औषध मारते कसे ते पाहू. टोचल्यावर लगेच दगावलेल्या ढोराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाते. पक्षी शरीरातला नत्राचा कचरा युरिक ॲसिडच्या रूपाने मूत्रपिंडातून बाहेर टाकतात. डायक्लोफेनॅक गिधाडाच्या मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशी मारते. युरिक ॲसिड रक्तात तुंबते आणि मिळेल त्या अवयवावर साचते. अशा गिधाडाचे शवविच्छेदन केले की काळीज, यकृत, मूत्रपिंड यांच्यावर खडूची पूड फासल्यासारखा पांढरा थर दिसतो. विषारी मांस खाल्ल्यापासून साधारण दोन दिवसांत खेळ आटोपतो. लिंडसे ओक्स यांच्या गटाने पाकिस्तानच्या पंजाबात मेलेली गिधाडे तपासली. असा थर असलेल्या 25 पैकी 25 पक्ष्यांच्या मूत्रपिंडात हे औषध सापडले आणि इतर कारणांनी मेलेल्या 13 पैकी एकातही नाही. ‘नेचर’मध्ये 2004 साली हे छापून आले. तरीही गिधाडे मोबाइल टॉवरने किंवा कीटकनाशकांनी संपली, हे अजून बातम्यांतून हटत नाही.

मात्रेचा हिशेब करून बघावा. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडाला किलोमागे 0.1 ते 0.2 मिलिग्रॅम एवढे पुरते. म्हणजे 5 किलोच्या पक्ष्याला जेमतेम अर्धा ते एक मिलिग्रॅम. माणसाच्या कंबरदुखीची एक गोळी 50 मिलिग्रॅमची असते. आणि 300 किलोच्या गाईला, किलोमागे अडीच मिलिग्रॅम धरले तर, 750 मिलिग्रॅम टोचले जाते.

आता पुढचे गणित, जे फारसे कुणी मांडत नाही. ‘एवढ्या मोठ्या देशात किती ढोरे औषध टोचल्यावर लगेच मरणार?’ हा प्रश्न नेहमी येतो. थोडीच मरतात, हे मान्य. समजा, 200 मढ्यांत एकच विषारी आहे. गिधाड सरासरी तीन दिवसांनी जेवते असे धरले तर वर्षाची जेवणे झाली 120. प्रत्येक जेवणाला 200 त एक धोका, असे 120 वेळा. वर्षाअखेर शंभरातली 55 च्या आसपास उरतात. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाच वर्षे लागतात, तेव्हा ही तूट भरून कशी निघणार? रिस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्येच दाखवले होते, की शंभरात एकापेक्षाही कमी मढी विषारी असली तरी भारतात झालेली घसरण समजावता येते. 1992 ते 2007 या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे 99.9 टक्क्यांनी घटली, ती अशी.

त्यामुळे बंदी 90 टक्के पाळली गेली यावर समाधान मानता येत नाही. उरलेले 10 टक्के पुरेसे आहेत.

बंदीतून पळवाटा कशा निघाल्या, तेही सांगायला हवे. जनावरांसाठीचे डायक्लोफेनॅक बंद झाले, पण माणसांसाठीचे चालू राहिले, आणि ते 30 मिलिच्या बाटलीत मिळत होते. माणसाचे इंजेक्शन 3 मिलिचे. मग 30 मिलिची बाटली कुणासाठी? एका मिलित 25 मिलिग्रॅम, म्हणजे बाटलीत बरोबर 750 मिलिग्रॅम, एका गाईचा डोस. 2007 ते 2010 मध्ये 11 राज्यांतल्या अडीचशेहून अधिक औषध दुकानांत गिऱ्हाईक बनून केलेल्या पाहणीत 36 टक्के दुकानांत डायक्लोफेनॅक मिळाले. अखेर 2015 मध्ये माणसाचे इंजेक्शन 3 मिलिच्या एकेरी कुपीतच विकण्याची अट आली. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि 2017 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती अट कायम ठेवली. या अटीने औषध अशक्य होत नाही, गैरसोयीचे होते. गाईला पूर्ण मात्रा द्यायची तर दहा कुप्या फोडाव्या लागतात. गोठ्यात शेणात उभे राहून दहा कुप्या फोडायचा कुणालाही कंटाळा येतो, आणि या उपायाची सगळी मदार त्या कंटाळ्यावर आहे.

दुसरी पळवाट नावाची. ॲसिक्लोफेनॅक हे वेगळे औषध म्हणून खपत होते. गुराच्या अंगात गेल्यावर त्याचे डायक्लोफेनॅकच होते. किटोप्रोफेन हे आणखी एक वेदनाशामक गिधाडांना मारते हे 2009 पासून ठाऊक होते. ही दोन्ही जनावरांसाठी बंद व्हायला 2023 चा जुलै उजाडला, निमेसुलाइडला 2024 चा डिसेंबर. फ्लुनिक्सिन या अशाच औषधावर तेव्हाही बंदी आली नाही. स्पेनमध्ये त्याने रानातले गिधाड मेल्याची नोंद आहे. दर वेळी आधी पक्षी मरणार, मग दहा-पंधरा वर्षांनी राजपत्र निघणार, असा हा क्रम आहे. जनावरांचे नवे वेदनाशामक बाजारात येताना ते गुराला सोसते का, दुधात किती दिवस उतरते, हे बघितले जाते. मढे खाणाऱ्या पक्ष्याला चालेल का, हा प्रश्न परवान्याच्या कागदावर नाही. तो तिथे यावा, ही माझी पहिली मागणी.

सुरक्षित पर्याय आहेत. मेलॉक्सिकॅम 2006 मध्ये तपासून निघाले, टॉल्फेनॅमिक ॲसिड 2022 मध्ये. मग खेड्यात ‘मेलॉक्सिकॅमने गाय उठत नाही’ ही तक्रार का? बऱ्याचदा मात्रा चुकते. मेलॉक्सिकॅमची मात्रा किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, 300 किलोच्या गाईला 150 मिलिग्रॅम. बाजारात मिलिला 5 मिलिग्रॅमचे द्रावण आहे तसे 20 मिलिग्रॅमचेही. पहिले 30 मिलि लागते, दुसरे साडेसात. सवयीने पहिल्यातले 15 मिलि टोचले की गाईला अर्धीच मात्रा मिळते, ती लंगडतच राहते, आणि मालक शेजारच्या मेडिकलवाल्याकडे ‘जुनं ते’ मागायला जातो. लेबलावरचा ‘मिलिला किती’ हा आकडा वाचण्याची सवय लागली तरी निम्मी तक्रार मिटेल. कासदाहात आणि लंगडीत वेदनाशामक द्यावेच लागते, शेतकऱ्याने जनावर कण्हत ठेवावे असे कुणीच म्हणत नाही.

आता आपल्याकडचे. जानेवारी 2024 मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून 20 गिधाडे पेंच आणि ताडोबात आणली गेली. चांगलेच झाले. पण गिधाड अभयारण्याची हद्द ओळखत नाही. म्हणूनच गिधाड-सुरक्षित क्षेत्र आखताना 100 किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ धरतात, म्हणजे सुमारे 31 हजार चौरस किलोमीटर. त्यात अनेक जिल्हे, शेकडो औषध दुकाने आणि हजारो गोठे येतात. वन खात्याचा अधिकार त्यातल्या तुकड्यावर चालतो. उरलेल्या भागात पशुसंवर्धन खाते आणि अन्न व औषध प्रशासन लागते. पक्षी सोडताना छायाचित्रात या दोन खात्यांचे कुणी दिसत नाही.

फणसाड, त्र्यंबकेश्वरजवळचे खोरीपाडा, गडचिरोली इथल्या ‘गिधाड उपाहारगृहां’बद्दल, म्हणजे गिधाडांसाठी मढी टाकायच्या जागांबद्दल, एक सूचना. मढे आणणाऱ्याला फक्त ‘कधी मेलं?’ विचारून भागत नाही. शेवटच्या आठवड्यात कुणी टोचले, काय टोचले, बाटली असेल तर दाखवा, हे विचारून वहीत लिहावे. सगळ्यात घातक मढे म्हणजे इंजेक्शननंतर दोन-तीन दिवसांत दगावलेले जनावर, आणि आजारी ढोर नेमके तसेच मरते. उत्तर ‘माहीत नाही’ आले तर मढे पुरावे. एका मढ्यावर पन्नास पक्षी उतरतात, तेव्हा फुकट मिळालेले मढे परत पाठवताना संकोच नको.

हा खटाटोप पक्षीप्रेमींच्या हौसेपुरता आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचे 2024 चे संशोधन पाहावे. पूर्वी गिधाडे भरपूर असलेले जिल्हे आणि मुळात कमी असलेले जिल्हे यांची त्यांनी गिधाडे संपण्याआधी आणि नंतर तुलना केली. पहिल्या गटात माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून जास्त वाढलेला निघाला. 2000 ते 2005 या काळात वर्षाला सुमारे एक लाख जादा मृत्यू, असा त्यांचा अंदाज आहे. उघड्यावर कुजणारी मढी, त्यावर पोसलेली कुत्री, रेबीज, नासलेले पाणी ही कारणांची साखळी.

आपल्या वार्ताहरांना एकच विनंती. पुढच्या सप्टेंबरात मजकूर लिहिण्यापूर्वी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तीन आकडे मागावेत: वर्षात किती औषध दुकानांत जनावरांच्या वेदनाशामकांची तपासणी झाली, बंदी असलेले औषध किती ठिकाणी सापडले, आणि किती परवान्यांवर कारवाई झाली. पशुसंवर्धन खात्याकडे चौथा: किती मढ्यांच्या यकृताचे नमुने प्रयोगशाळेत गेले. उत्तर शून्य आले तर ते शून्यच मथळ्यात छापावे.

आपला,
एक पशुवैद्यक,
नाशिक जिल्हा