विद्यापीठाच्या बँडला वसंतात एक संध्याकाळ मिळावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सांगली-मिरजेतील महाविद्यालयांची स्नेहसंमेलने आटोपली, परीक्षांचे वेळापत्रक लागले, आणि यंदाही विद्यार्थ्यांनी एकत्र बसून वाजवलेला वाद्यवृंदाचा एकही पूर्ण कार्यक्रम मला या दोन शहरांत ऐकायला मिळाला नाही. गायन, नृत्य, एकांकिका, सुगम संगीत हे सारे होते आणि मनापासून होते. पण फुंकून वाजवायची वाद्ये, ज्यांना आपण शास्त्रात सुषिर वाद्ये म्हणतो, ती हाती घेऊन चाळीस-पन्नास मुलांनी महिनोन्‌महिने सराव करावा आणि वर्षातून एका संध्याकाळी ते श्रोत्यांपुढे मांडावे, अशी प्रथा आपल्याकडे पडलेली नाही. ती पडावी आणि तिची सुरुवात सांगलीतून व्हावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी अमेरिकेत मुलीकडे होतो. ती तिथल्या एका विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेते आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी विद्यापीठाच्या कॉन्सर्ट बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. संगीत हा तिचा अभ्यासाचा विषय नाही. तिच्या शेजारी बसणारी मुलगी पशुवैद्यकाची आणि मागच्या रांगेत ट्रॉम्बोन वाजवणारा मुलगा गणिताचा. तिकडच्या अनेक विद्यापीठांत असे बँड असतात. जानेवारीत सत्र सुरू झाले की सराव सुरू होतो आणि एप्रिलच्या अखेरीस, झाडांना पालवी फुटलेली असताना, वसंताचा कार्यक्रम होतो.

कॉन्सर्ट बँड म्हणजे मिरवणुकीचा बँड नव्हे, हे आधी सांगायला हवे. तो अर्धवर्तुळात खुर्च्या मांडून बसतो आणि प्रत्येकासमोर स्वरलिपीचा कागद असतो. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून आणि सॅक्सोफोन पुढे, ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम आणि ट्यूबा मागे, आणि सर्वांत शेवटी तालवाद्ये. व्हायोलिनचा ताफा नसतो, त्यामुळे ऑर्केस्ट्रात व्हायोलिन जे काम करते ते इथे बहुतांशी क्लॅरिनेटच्या रांगेला करावे लागते.

मुलीच्या बँडच्या या कार्यक्रमाला मी गेलो, त्या संध्याकाळी पडदा आधीपासूनच उघडा होता. संचालक येण्यापूर्वी ट्यूबाने एक लांब स्वर धरला आणि एकेक रांग त्यात मिसळत गेली. तो स्वर बी फ्लॅट, म्हणजे आपली काळी पाच. आपल्याकडे बैठकीपूर्वी तानपुरे मिळवताना सभागृहात जी शांतता पसरते, तीच तिथे पसरली, आणि परक्या देशात बसलो आहोत ही भावना माझ्यापुरती तिथेच संपली. पहिली रचना गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराने १९०९ मध्ये अशाच बँडसाठी लिहिलेली होती. याच होल्स्टने ऋग्वेदातील सूक्ते स्वरबद्ध करता यावीत म्हणून संस्कृतचे धडे घेतले होते आणि तो स्वतः काही काळ ट्रॉम्बोन वाजवून पोट भरत असे. त्या रचनेच्या पहिल्या भागात तीन-तीन मात्रांच्या आठ गटांची एक साधी ओळ आहे. ती प्रथम युफोनियम आणि ट्यूबा अगदी हळू वाजवतात, आणि मग तीच ओळ पुन्हा पुन्हा येत राहते, कधी वरच्या वाद्यांत, कधी तळाशी, मध्ये एकदा चक्क उलटी होऊन. एकल तबल्याला नगम्याची, म्हणजे पुन्हा पुन्हा तीच वाजत राहणाऱ्या सुरावटीची, साथ ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. शेवटचा स्वर थांबल्यावर संचालकांचा हात वरच राहिला, आणि तो खाली येईपर्यंत सभागृहात कोणीही टाळी वाजवली नाही.

माझ्या मुलीला क्लॅरिनेट हातात धरायला शिकवले ते मात्र अमेरिकेत नव्हे, मिरजेत. लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्या एका बँडच्या दुकानात ती आठवीत असताना शिकायला जात असे आणि मी बाहेर बाकावर बसून राहत असे. तिचे गुरुजी क्लॅरिनेटची पत्ती, म्हणजे फुंकल्यावर थरथरून स्वर देणारी पातळ पट्टी, आधी तोंडात धरून ओली करायचे, मग काचेच्या तुकड्यावर अगदी बारीक पॉलिश पेपर ठेवून तिच्यावर दोन-तीन हात फिरवायचे, उजेडाकडे धरून टोक पाहायचे आणि पुन्हा वाजवून बघायचे. सहा पत्त्यांतली एखादी त्यांच्या पसंतीस उतरायची. त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नव्हती, ती माझ्या मुलीने पुढे वर्षभर खपून स्वतः शिकून घेतली. पण श्वास कुठून घ्यायचा, ओठ किती आवळायचे, स्वर लावण्यापूर्वी तो मनात कसा ऐकायचा, हे सगळे त्यांनीच दिले, आणि तिथल्या बँडमध्ये तिला जागा मिळाली ती याच तयारीवर. त्या संध्याकाळचे चित्रीकरण मी त्यांना भ्रमणध्वनीवर दाखवले तेव्हा त्यांनी ते दोनदा पाहिले आणि इतकेच विचारले, की हे सगळे लोक फक्त ऐकायला आले होते का. चाळीस वर्षे वाजवणाऱ्या या माणसाला समोर श्रोते शांत बसले आहेत असा एकही प्रसंग आजवर मिळालेला नाही. आता तर वरातीतही डॉल्बीने त्यांची जागा घेतली आहे, आणि त्यांची मुले या धंद्यात उतरलेली नाहीत. ही विद्या आपल्या डोळ्यांदेखत जात आहे, याचे मला फार वाईट वाटते.

ही वाद्ये परकी आहेत, त्यांचे इथे काय काम, असे म्हणणारे मला भेटतात. त्यांना मी पायपेटीची, म्हणजे ऑर्गनची, आठवण करून देतो. ऑर्गन युरोपातून आला आणि मराठी नाट्यसंगीताच्या इतका अंगवळणी पडला, की त्याच्याशिवाय जुन्या नाट्यपदाची कल्पनाही करवत नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ज्या सांगलीत मराठी नाटकाचा पहिला प्रयोग केला, त्या नाट्यपंढरीला नवे वाद्य आपलेसे कसे करावे हे कोणी शिकवण्याची गरज नाही. मिरजेचे तर काय सांगावे! उस्ताद अब्दुल करीम खाँ साहेबांच्या या गावात दर्ग्याच्या आवारात उरुसात रात्र रात्र गाणे ऐकणारे श्रोते आहेत, आणि इथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शिवाय पाश्चात्त्य वाद्ये घेऊन आपले राग वाजवण्याचा प्रयोग आपल्या देशात नवा नाही. सरोदवादक बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी मध्य प्रदेशातील मैहर येथे साधारण १९१८ च्या सुमारास साथीच्या रोगात पोरक्या झालेल्या मुलांना गोळा करून वाद्यवृंद उभा केला, त्यात देशी वाद्यांच्या जोडीला व्हायोलिन आणि चेलोसारखी वाद्येही होती आणि बंदुकीच्या नळ्यांपासून बनवलेला नलतरंगही होता. मग आपल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना भूप किंवा वसंत रागातील एखादी गत क्लॅरिनेट आणि युफोनियमवर बसवता येणार नाही, असे मानायला मी तयार नाही. ट्रॉम्बोनची नळी तर मागेपुढे सरकते, तिच्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, किती सहज निघते हे एकदा ऐकून पाहावे.

अडचणी मी जाणून आहे. चैत्रात आपल्याकडे परीक्षा असतात, तेव्हा एप्रिलची नक्कल करून चालणार नाही. आपला कार्यक्रम माघातल्या वसंत पंचमीला घ्यावा. सरस्वतीच्या पूजनाचा दिवस, थंडी ओसरत आलेली, आणि परीक्षांना अवकाश असतो. शिकवायला बँडवाले कलाकार मिळतील का, या प्रश्नाचे उत्तर पंचांगातच आहे. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, आणि गणेशोत्सवाचे दहा-बारा दिवस सोडले तर हे लोक बहुतेक रिकामे असतात. महाविद्यालयाचे पहिले सत्र नेमके त्याच काळात चालते. पौषात पुन्हा लग्ने थांबतात, तो महिना शेवटच्या तालमींचा. त्यांना योग्य मानधन द्यावे आणि पत्रिकेवर विद्यार्थ्यांच्या नावांबरोबर त्यांचीही नावे छापावीत. स्वरलिपी शिकवायला पोलीस बँडमधील किंवा सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेले जाणकार बोलवावेत. वाद्ये मेरठला बनतात, आपले बँडवाले वर्षानुवर्षे तिथूनच मागवतात. एकाच महाविद्यालयाला एवढा संच घेणे झेपणार नाही, म्हणून सांगली-मिरजेतील महाविद्यालयांनी मिळून एकच बँड करावा आणि शिवाजी विद्यापीठाने त्याला आपले नाव द्यावे. नव्या शैक्षणिक धोरणात सहशैक्षणिक उपक्रमांना श्रेयांक (क्रेडिट) देण्याची सोय आहेच. वर्षभर तालमीला नेमाने येणाऱ्या मुलाला ते मिळाले, तर पालकांचीही तक्रार राहणार नाही.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून घ्यावी लागेल. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका महाविद्यालयाच्या कार्यक्रमात आठ विद्यार्थ्यांनी ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि बासरीवर एक सुंदर धून बसवली होती. मी त्यांच्या तालमी ऐकल्या होत्या, संध्याकाळी साडेसहाला वर्ग सुटल्यावर ती मुले जिन्याखाली उभी राहून वाजवत. प्रत्यक्ष कार्यक्रमात ती अर्ध्यावर आलेली असताना प्रमुख पाहुण्यांची गाडी आली आणि सूत्रसंचालकांनी ध्वनिक्षेपकावरून त्यांना थांबायला सांगितले. पाहुण्यांचे स्वागत झाले, हार झाले, मनोगते झाली, पण त्या मुलांना पुन्हा बोलावले गेले नाही. त्यातला ट्रम्पेट वाजवणारा मुलगा वाद्य पेटीत ठेवताना कोणाशीही बोलत नव्हता. म्हणून माझी विनंती अशी, की या बँडचा कार्यक्रम स्वतंत्र असावा, विष्णुदास भावे नाट्यमंदिरात किंवा मिरजेच्या बालगंधर्व नाट्यगृहात व्हावा, आणि त्यात दीपप्रज्वलनानंतर भाषण नसावे. दीड तास, मध्ये दहा मिनिटांची विश्रांती, बाकी सर्व वादन.

माझ्या मुलीचे पहिले क्लॅरिनेट घरी पेटीत पडून आहे. त्याच्या चाव्यांखालचे पॅड वाळले आहेत आणि एका सांध्याचे बूच सैल झाले आहे, पण तिच्या गुरुजींनी ते पाहून दोन दिवसांत दुरुस्त होईल असे सांगितले आहे. येत्या जूनमध्ये कोणत्याही महाविद्यालयाने असा बँड उभारायचे मनावर घेतले, तर ते वाद्य दुरुस्त करून पहिल्या विद्यार्थ्यासाठी मी स्वतः आणून देईन. गुरुजीही शिकवायला यायला तयार आहेत, त्यांना मी विचारूनच हे लिहीत आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
विश्रामबाग, सांगली